टंचाईंतील पंक्तिभेद

दुष्काळ पडणें हा कोणा एकाचा अपराध नव्हे. पण दुष्काळांत धान्य कोणाला पोंचावें व कोणाला पोंचूं नये हें ठरविणारा कोणी तरी असतो, आणि त्याला जाब विचारतां येतो. इ. स. २०२१ पासून २०२३ च्या मध्यापर्यंत साऱ्या जगांत चिपांचा जो दुष्काळ पडला, त्याविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मोटारींचे कारखाने कसे थांबले, कोणत्या राष्ट्राचें किती नुकसान झालें, याचीं वर्णनें वाचून वाचक आतां कंटाळलेही असतील. परंतु त्या दुष्काळांत ज्या वर्गाला पंगतीच्या अगदीं शेवटीं बसविण्यांत आलें, आणि ज्याच्या पानांत पुष्कळदां कांहींच पडलें नाहीं, त्याची तक्रार कोणी फारशी मनावर घेतली नाहीं. हा वर्ग म्हणजे शिकणाऱ्या मुलांचा आणि घरच्या टेबलावर प्रयोग करणाऱ्या हौशी माणसांचा.

'झालें गेलें गंगेला मिळालें, आतां उकरून काय काढावयाचें?' असें कोणी म्हणेल. पण तें गंगेला मिळालेलें नाहीं. डिसेंबर २०२५ मध्यें स्मरण-चिपांची, म्हणजे ज्यांना मेमरी म्हणतात त्यांची, महागाई झाल्यामुळें 'रास्पबेरी पाय' या बोर्डांच्या किंमती पुन्हा वाढवाव्या लागल्या. कृत्रिम बुद्धीचीं प्रचंड गणनागृहें उभारणारे सावकार स्मरण-चिपा घाऊक उचलूं लागले, आणि त्याची झळ आठवीतल्या मुलाच्या खाऊच्या पैशांना लागली. दुष्काळ एकदांच येत नसतो. म्हणूनच मागल्या खेपेस वाढप कसें झालें, हें नीट पाहून ठेवणें अवश्य आहे.

ज्या वस्तूविषयीं हा वाद आहे ती पुष्कळ वाचकांनीं आपल्या घरांतील मुलांच्या हातांत पाहिली असेल. पत्त्याएवढी किंवा त्याहूनही लहान, हिरवी वा निळी पाटी. तिच्यावर कांहीं काळे चौकोन आणि कडेला पितळी दांते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेवर मावलेला लहानसा संगणक. त्याला उष्णतामापक जोडा, दिवा जोडा, पाण्याचा पंप जोडा, आणि काय झालें असतां काय करावें तें लिहून द्या. तो तेवढें इमानानें करीत राहतो. इटलींतील इव्रेआ या गांवीं २००५ सालीं एका शिक्षणसंस्थेंत, ज्या विद्यार्थ्यांना विद्युच्छास्त्र येत नाहीं त्यांनाही हें साधावें म्हणून, 'आर्डुइनो' नांवाचा बोर्ड निघाला. रास्पबेरी पाय हा खरें म्हणजे मायक्रोकंट्रोलरहून मोठा, पुरा संगणकच. पण कुळ एकच आणि हेतूही एकच. केंब्रिज येथें संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांची संख्या घटली, आणि जीं येत त्यांनीं संगणक उघडून पाहिलेला नसे. हें पाहून एबेन अप्टन प्रभृति मंडळींनीं धर्मादाय संस्था स्थापिली, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजीं पहिला बोर्ड विक्रीस काढला. किंमत ३५ डॉलर. मोडला तरी बाप रागावणार नाहीं, इतकी ती कमी असावी हाच तिचा हिशेब होता. मुलाला पाटी देतात ती फुटेल म्हणून कोणी देण्याचें थांबत नाहीं. हा बोर्ड म्हणजे या युगाची पाटी होय.

आतां टंचाई आली कशी, हें थोडक्यांत सांगतों. कारण 'दैवी आपत्ति' या शब्दाच्या आड पुष्कळ मानवी व्यवहार दडविले जातात. २०२० सालीं महामारीच्या आरंभीं मोटारींचा खप बसला, तेव्हां मोटारवाल्यांनीं चिपांच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळीं घरीं बसून काम करणाऱ्या व शिकणाऱ्या लोकांची संगणकांवर झुंबड उडाली, आणि कारखान्यांत रिकामी झालेली जागा तिकडे गेली. वर्षअखेर मोटारींचा खप पुन्हा चढला, तों कारखान्यांचें वेळापत्रक भरून गेलेलें. चिप म्हणजे कांहीं तव्यावरची भाकरी नव्हे. सिलिकनची चकती कारखान्यांत शिरल्यापासून शेंकडों संस्कार होऊन बाहेर पडेपर्यंत सुमारें तीन महिने लागतात. आणि नवा कारखाना उभारावयाचा म्हटला तर कित्येक वर्षें व अब्जावधि डॉलर हवेत. त्यांतच ऑक्टोबर २०२० मध्यें जपानांत नोबेओका येथील एक चिपांचा कारखाना जळाला. फेब्रुवारी २०२१ मध्यें अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं हिमवादळानें वीज गेली आणि ऑस्टिन येथील कारखाने बंद पडले. मार्चमध्यें जपानांतच रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. आणि त्याच वर्षीं तैवानांत अवर्षणामुळें चिपांच्या कारखान्यांना टँकरनें पाणी आणण्याची पाळी आली.

एथवर दैव. यापुढें माणूस. तुटवडा आहे अशी वार्ता पसरतांच ज्याला शंभर चिपा हव्या त्यानें तीनशें मागितल्या. एकाच मालाची मागणी चार दुकानीं नोंदविण्यांत आली. ज्यांच्या कोठारांत माल होता त्यांनीं तो दाबून धरला. धान्याच्या पेठांतून ही विद्या आपल्या लोकांना चांगली परिचित आहे. तिला परदेशांत निराळें नांव असेल, पण गुण तोच. शिवाय आणखी एक मर्म ध्यानांत घ्यावें. हौशी बोर्डांवरील बहुतेक चिपा जुन्या धाटणीच्या असतात. त्यांवर नफा थोडा, म्हणून नवे कारखाने निघत ते अत्यंत सूक्ष्म अशा नव्या चिपांसाठीं. पण मोटारीची खिडकी, धुलाईयंत्र, वीजमापक या साऱ्यांना लागतात त्या जुन्याच. म्हणजे एका लहानशा ताटावर मोटारींचा कारखानदार आणि शाळकरी मुलगा असे दोघे एकाच वेळीं बसले. त्यांत कोण उपाशी उठला हें निराळें सांगावयास नको.

आर्डुइनोच्या प्रसिद्ध 'उनो' बोर्डावर 'एटीमेगा ३२८पी' ही चिप असते. पेढ्यांनीं तिची मुदत वर्षावर नेऊन ठेविली. रास्पबेरी पायनें ऑक्टोबर २०२१ मध्यें आपल्या इतिहासांत प्रथमच किंमत वाढविली. चौथ्या आवृत्तीचा दोन गिगाबाइटचा बोर्ड ३५ डॉलरचा ४५ झाला. किंमतवाढीविषयीं आमची तक्रार नाहीं. माल महाग झाला तर भाव चढणारच, आणि ती वाढ त्यांनीं उघडपणें, कारण देऊन केली. आमची तक्रार पुढील गोष्टीविषयीं आहे. एप्रिल २०२२ मध्यें कंपनीनें स्वतःच सांगितलें कीं, महिन्याला सुमारें पांच लक्ष बोर्ड तयार होत आहेत, परंतु ते प्रथम उद्योगधंद्यांच्या गिऱ्हाइकांना देण्यांत येत आहेत. त्यांची गरज भागेल इतका माल आहे. एकेक नग घेणारांना मात्र त्यामुळें चणचण सोसावी लागेल. वाचकहो, हें वाक्य पुनः वाचा. बोर्ड निघतच नव्हते असें नाहीं. महिन्याला पांच लक्ष निघत होते. धान्य होतें, वाढप्याचा हात एका बाजूला वळला होता. इकडे किरकोळ दुकानांत आलेला माल कांहीं मिनिटांत संपे; कोठें चार नग आले आहेत याची टेहळणी करण्यासाठीं हौशी लोकांनीं स्वतंत्र यंत्रणा उभारल्या; आणि ३५ डॉलरचा बोर्ड दलालांच्या हातीं तिप्पट-चौपट दरानें विकला जाऊं लागला.

या वागणुकीच्या समर्थनार्थ जीं कारणें सांगण्यांत येतात, त्यांचा आतां क्रमानें विचार करूं; प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून न घेतां त्यावर तुटून पडणें आम्हांस मान्य नाहीं.

पहिलें कारण असें कीं, ज्यांचा धंदाच या बोर्डावर उभा आहे, ज्यांच्या कारखान्यांत माणसें पोटाला लागलीं आहेत, त्यांचा माल अडविला तर लोकांच्या चुली विझतील. हें कारण खोटें नाहीं, आणि तें दयाबुद्धीनें पुढें केलेलें आहे हेंही आम्ही मानतों. परंतु त्यावरून निष्कर्ष निघतो तो इतकाच, कीं उद्योगाला मोठा वाटा द्यावा. शिकणाराला जवळजवळ कांहींच देऊं नये, असा निघत नाहीं. महिन्याच्या पांच लक्षांतून शंभरीं पांच काढून ठेविले असते, तर पंचवीस हजार बोर्ड होतात. उद्योगधंद्यांनीं शेंकडा पांचानें कळ काढली असती तर जग बुडालें नसतें. आणि हें शक्य होतें याचा पुरावा कंपनीनेंच दिला. डिसेंबर २०२२ मध्यें तिनें एक लक्षाहून थोडे अधिक बोर्ड केवळ एकेक नगाच्या विक्रीसाठीं बाजूला काढल्याचें जाहीर केलें. आणि सप्टेंबर २०२३ मध्यें पांचवी आवृत्ति जाहीर झाली तेव्हां वर्षअखेरपर्यंतचे सर्व बोर्ड व्यक्तींसाठींच राखून ठेवण्याचें वचन दिलें. या दोन्ही गोष्टींबद्दल आम्ही त्या मंडळींचें मनःपूर्वक अभिनंदन करतों. परंतु अभिनंदन करतांनाच विचारतों: राखीव वाटा हा उपाय अखेरीस सुचला, तो आरंभीं कां सुचला नाहीं?

दुसरें कारण असें कीं, हौस थांबूं शकते. येथें 'हौशी' या शब्दाचा घात होतो. आपल्याकडेही या शब्दाबरोबर ओठाचा एक कोपरा किंचित् वर जातो. पण मराठी रंगभूमीला हौशी मंडळ्यांनीं काय दिलें, हें ज्याला ठाऊक आहे त्यानें तरी असें हंसूं नये. आणि या विद्येंत तर हौशी मनुष्य हा धंद्याचा मूळपुरुषच आहे. १९७५ च्या सप्टेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनाच्या वेळीं एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीनें ६५०२ नांवाची चिप २५ डॉलरना, समोर येईल त्याला, एकेक नग विकली. प्रतिस्पर्धी चिपांची किंमत त्या वेळीं दीडशें डॉलरच्या वर होती. ती स्वस्त चिप घेऊन स्टीव्ह वॉझ्नियाक या हौशी तरुणानें आपल्या मित्रमंडळांत दाखविण्यासाठीं जें यंत्र बांधलें, तें पहिलें ॲपल. त्याच ६५०२ वर केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें १९८१ सालीं बीबीसी मायक्रो हा शाळांचा संगणक काढला. तो घडविणारांपैकीं सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं पुढें एआरएम हा प्रोसेसर रचला. त्याची पहिली चिप १९८५ सालीं चालूं झाली. फर्बर हे तर केंब्रिज विद्यापीठांतील हौशी संगणक-मंडळांतून आलेले. आणि आज रास्पबेरी पायच्या पोटांत जो प्रोसेसर चालतो, तो याच एआरएमच्या वंशांतला.

आतां क्षणभर अशी कल्पना करा, कीं १९७५ सालीं त्या कंपनीनें आलेल्या तरुणांना सांगितलें असतें, 'माल थोडा आहे. आधीं कारखानदारांना देऊं, तुमची काय, हौसच आहे, दोन वर्षांनीं या.' तर पुढली ही वंशावळ कोठें असती? दोन वर्षें हा काळ कारखान्याच्या जमाखर्चांत एक ओळ आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यांत तो एक युग आहे. त्या वयांत कुतूहल जागें होतें, तसेंच तें निजतेंही. २०२१ सालीं ज्या मुलीला मिळेल तेथून बोर्ड आणून पावसाची मोजणी करावयाची होती, ती २०२३ सालीं बोर्ड मुबलक झाला तेव्हां दहावीच्या शिकवण्यांत बुडालेली होती. तिला तो बोर्ड आतां कोणी फुकट दिला तरी तीं दोन वर्षें परत येत नाहींत. कारखान्याला उशीर झाल्याबद्दल नुकसानभरपाई मागतां येते. तिला कोणाकडे मागतां येईल?

तिसरें कारण विशेष धूर्त आहे. असें म्हणतात कीं, उद्योगांना माल विकून जो नफा होतो तोच शेवटीं धर्मादाय संस्थेकडे जाऊन शिक्षणाच्या कामीं येतो. म्हणून मुलांचेंच हित त्यांत आहे. संस्थेचें शिक्षणकार्य मोठें आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण मुलाच्या हातांतली पाटी काढून घ्यावयाची आणि ती विकून आलेल्या पैशांतून त्याच्यासाठीं शाळा बांधावयाची, हा कोणत्या प्रकारचा परोपकार? पाटीवांचून त्या शाळेंत तो काय गिरवणार?

चौथें कारण केवळ दुकानदारीचें: ज्याला गरज अधिक तो पैसे अधिक देईल, बाजार आपोआप न्याय करील. बाजारानें काय न्याय केला तें वर सांगितलेंच आहे. बाजाराला गरज दिसत नाहीं, खिसा दिसतो. शंभर डॉलर देऊं शकणाऱ्या मनुष्याची गरज खरी आणि न देऊं शकणाऱ्या मुलाची खोटी, असें ठरविणें म्हणजे न्याय नव्हे. आमच्या घरांतून कितीही ओढगस्त असली तरी पहिली पंगत लेंकरांची बसते, आणि कमावता मनुष्य मागून जेवतो. यांत कोणाला अव्यवहारीपणा वाटत नाहीं. कुणबी उपाशी राहील, पण बियाणें शिजविणार नाहीं. आजचे शिकणारे हे या धंद्याचें बियाणें आहेत, एवढी साधी गोष्ट अडाणी कुणब्याला कळते ती कारखानदारांना कळूं नये काय?

कोणी विचारील, कीं शिकणाराला देणें मुळांतच शक्य नसेल तर काय करावें? त्यालाही उत्तर त्याच काळांत त्याच मंडळींच्या हातून मिळालें आहे. जानेवारी २०२१ मध्यें त्यांनीं 'पिको' नांवाचा खराखुरा मायक्रोकंट्रोलर बोर्ड काढला. किंमत अवघी ४ डॉलर. त्यावरील चिप त्यांनीं स्वतः रचलेली, आणि इतकी लहान कीं एका चकतींतून सुमारें २०,००० निघतात. परिणाम असा झाला कीं, बाजारांत इतरत्र ठणठणाट असतांना पिको मिळत राहिला. म्हणजे गरीब गिऱ्हाइकाला डोळ्यांपुढें ठेवून वस्तूची रचनाच काटकसरीनें केली, तर टंचाईतही त्याच्या पानांत घांस पडतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत मिळणारे हे बोर्ड, निदान त्यांवरील चिपा, बाहेरूनच येतात; अर्थात् परदेशांत पंगत उठल्यावर जें उरेल तें आपल्याकडे. २०१६ पासून सरकारनें शाळांतून अटल टिंकरिंग लॅब उघडल्या. त्यांची संख्या दहा हजारांच्या घरांत गेली, आणि फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकांत पांच वर्षांत आणखी ५०,००० उघडण्याचा संकल्प जाहीर झाला. संकल्प उत्तम आहे. पण पुढील टंचाईंत या शाळांच्या कपाटांत ठेवावयास काय मिळणार, याची तजवीज कोणी केली आहे काय? गुजराथेंत ढोलेरा येथें टाटांचा तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या साह्यानें निघावयाचा चिपांचा कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्यें मंजूर झाला. त्यांतून निघावयाच्या त्या २८ नॅनोमीटर व त्याहून जुन्या धाटणीच्या चिपा, म्हणजे नेमक्या मोटारींना आणि हौशी बोर्डांना लागणाऱ्या. अशा कारखान्यांच्या भांडवली खर्चाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतें, म्हणजे तुम्ही आम्ही कर देणारे उचलतों. मग आमची मागणी अगदीं सरळ आहे. सार्वजनिक पैशावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक चिपांच्या कारखान्याच्या करारांत असें एक कलम असावें, कीं कांहीं अल्प वाटा, शंभरांत दोन असला तरी चालेल, शाळांसाठीं व एकेक नग घेणारांसाठीं वाजवी दरानें राखून ठेविला जाईल, आणि टंचाईच्या काळांत तो प्रथम दिला जाईल. सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेनें स्वदेशी 'वेगा' प्रोसेसरवर शिकाऊ बोर्ड तयार केलेच आहेत. त्यांना या कलमाचा पहिला लाभ मिळावा.

शाळांनींही आपल्याकडून एक करावें. एकाच छापाच्या बोर्डावर सारा अभ्यासक्रम बांधूं नये. मुलाला बोर्डाचें नांव पाठ न करवितां चिप काय करते तें शिकविलें, तर आर्डुइनो नसेल तेव्हां पिकोवर, पिको नसेल तेव्हां चिनी ईएसपी ३२ वर त्याचें काम अडणार नाहीं. आणि ज्या घरांतील कपाटांत असे दोन-दोन बोर्ड डबा न उघडतां पडून आहेत, त्यांनीं ते शेजारच्या शाळेला द्यावे. साठेबाजांना नांवें ठेवतांना आपलें कपाटही एकदां उघडून पाहणें बरें.

पुढील टंचाई केव्हां येईल हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. ती येईल, हें मात्र स्मरण-चिपांच्या भावांवरून दिसूं लागलें आहे. त्या वेळीं पुन्हा दयाळू शब्दांत सांगण्यांत येईल कीं, उद्योगांची निकड मोठी आहे, हौशी मंडळींनीं थोडें थांबावें. तेव्हां आमच्या वाचकांनीं, विशेषतः ज्यांच्या घरांत शिकणारीं मुलें आहेत त्यांनीं, मुकाट्यानें मान डोलवूं नये. किती माल निघाला, त्यांतील किती कोणाला दिला, आणि मुलांचा वाटा कोणता, हे तीन प्रश्न त्यांनीं विकणारालाही विचारावे व सरकारलाही विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.